मदत हवी आहे: मधुमेह आणि 'पेरिफेरल न्यूरोपथी' (हातापायांच्या नसांचा आजार) वेगवेगळ्या ओळीत लिहिलंय, कोड कोणता?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरहून, घरून अमेरिकन रुग्णांचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकन यादीतले कोड लावते. एका चार्टवर अडकले आहे.

रुग्णाला टाइप २ मधुमेह; मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन दोन्ही चालू. दोन्ही तळपाय बधिर, मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) टेकवलेलं कळत नाही. पण डॉक्टरांनी निदानात एका ओळीत 'टाइप २ डायबेटिस' आणि खाली 'पेरिफेरल न्यूरोपथी' एवढंच लिहिलंय. 'मधुमेहामुळे' असं कुठेच नाही. माझं कोडिंग तपासणारे ऑडिटर म्हणतात, ई११.९ आणि जी६२.९ (कारण न सांगितलेली पॉलीन्यूरोपथी, म्हणजे अनेक नसांचा आजार) वेगळे लाव.

मला हे पटत नाही. ई११.९ म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह. आमच्याकडे कपाशी निंदताना पायात काटा मोडला तरी पत्ता न लागलेली, मग जखम चिघळलेली माणसं मी पाहिली आहेत. कागदावर 'गुंतागुंत नाही' असं गेलं तर पुढचा डॉक्टर मोजे काढून पाय बघेल का? ई११.४० लावू की ई११.४२? शिवाय लॅब रिपोर्टात बी१२ कमी आहे, त्याचं काय करायचं?

उत्तर (भुसावळहून):
ताई, तुमचं बरोबर आहे. इंडेक्समध्ये (कोड शोधायच्या सूचीत) डायबेटिसच्या 'विथ' ('सह') या शब्दाखाली न्यूरोपथी येते. डॉक्टरांनी दुसरं कारण स्पष्ट लिहिलं नसेल, तर संबंध धरायचाच. पेरिफेरल न्यूरोपथी इंडेक्समध्ये पॉलीन्यूरोपथीकडे नेते, म्हणून ई११.४२. ई११.४० हा प्रकार न सांगितलेल्या न्यूरोपथीसाठी. जी६२.९ काढा. इन्सुलिनसाठी झेड७९.४ आणि गोळ्यांसाठी झेड७९.८४, दोन्ही लावा.

बी१२चं मात्र सांभाळून. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी१२ घटू शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. पण लॅबच्या आकड्यावरून निदान आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवा, आणि उत्तर सुचेल असा प्रश्न विचारू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार भाऊ. क्वेरी अशी लिहिली आहे, चालेल का?

'चार्टमध्ये टाइप २ मधुमेह व पेरिफेरल न्यूरोपथी नोंदवली आहे. लॅबमध्ये बी१२ कमी आहे. कमी बी१२चं वैद्यकीय महत्त्व आणि न्यूरोपथीचं कारण आपल्या मते काय, ते कृपया नोंदवावे: मधुमेह, बी१२ची कमतरता, दोन्ही, अन्य कारण, किंवा निश्चित सांगता येत नाही.'

उत्तर:
चालेल. ऑडिटरना 'विथ'चा नियमही सोबत जोडून पाठवा.