वेल्डिंग मशीन: २३० की ४१५ व्होल्ट? (बंगलेधारक ग्रुप)

बंगला १२: गॅरेजमध्ये रॅक, गेटची दुरुस्ती, कुंड्यांचे स्टँड अशी कामं घरीच करायची आहेत. १६ गेजचा (सुमारे १.६ मिमी जाड पत्र्याचा) २५×२५ मिमी चौकोनी पाइप, क्वचित ५ मिमी अँगल. जुनं तेलाचं टू फेज मशीन स्वस्तात मिळतंय. ते घेऊ की २३० व्होल्टचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन?

बंगला ४: काका, तेलाचं नको. ते दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टवर चालतं. घरी सिंगल फेज मीटर असेल तर जोडताच येणार नाही. थ्री फेज असलं तरी सगळा भार दोनच फेजवर. शिवाय आउटपुट एसी (दिशा बदलणारा करंट), त्यामुळे कमी करंटला आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, तुटतो. करंट वाढवला की १६ गेजला भोकं. सिंगल फेज आयजीबीटी मशीन (म्हणजेच इन्व्हर्टर), डीसी (एकाच दिशेचा करंट) आउटपुट, या कामाला पुरून उरेल.

बंगला १२: पण घरच्या लाइनवर झेपेल का?

बंगला ९: हिशेब सांगते. १२ नंबर म्हणजे २.५ मिमी जाडीचा ६०१३ प्रकारचा वेल्डिंग रॉड, ८० अँपिअर. आर्क व्होल्टेज २३ च्या आसपास, म्हणजे आर्कमध्येच १.९ किलोवॅट. मशीनमधला तोटा आणि ०.७ पॉवर फॅक्टर (तो कमी असला की तेवढ्याच कामाला लाइनवरून जास्त अँपिअर लागतात) धरला तर लाइनवरून १४ अँपिअर. चांगल्या १६ अँपिअर पॉइंटवर चालेल. १० नंबर, म्हणजे आणखी जाड, रॉड १२० अँपिअरवर लावलात की लाइनवरून २२ च्या पुढे. तो १६ च्या पॉइंटवर लावू नका.

बंगला ९: आणि लाइन १९० व्होल्टवर आली की मशीन त्याच १० नंबरच्या कामाला २७ अँपिअर ओढतं. व्होल्टेज पडलं की अँपिअर वाढतात, वायर तापते, व्होल्टेज आणखी पडतं.

बंगला ४: म्हणून मशीनवरच्या पैशांइतकाच वायरिंगवर खर्च करा. डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विच बॉक्सपासून) स्वतंत्र ६ चौ. मिमी तांब्याची लाइन, ३२ अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच; सी-कर्व्ह क्षणिक झटका जास्त सहन करतो), ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), ३२ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट. बी-कर्व्ह एमसीबी मशीन चालू करतानाच पडू शकतो, आतले कपॅसिटर एकदम चार्ज होतात म्हणून. बिलावरचा मंजूर भार आधी बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

बंगला ७: माझ्याकडे ३० मीटरचं एक्स्टेंशन आहे, ते चालेल?

बंगला ९: किती चौ. मिमी?

बंगला ७: १.५

बंगला ९: नको दादा. १४ अँपिअरला १० व्होल्ट तिथेच जातात आणि वायरमध्ये १४० वॅट उष्णता तयार होते. रील गुंडाळलेलं असलं तर आतल्या वेढ्यांचं पीव्हीसी वितळून एकमेकांना चिकटतं. मशीन सॉकेटजवळच ठेवा आणि होल्डरची (रॉड धरायच्या मुठीची) आणि परतीच्या चिमट्याची केबल वाढवा. २५ चौ. मिमी तांब्याची, जाताना १० आणि येताना १० मीटर, तर सव्वा व्होल्टच जातो.

बंगला १२: अर्थिंगचा चिमटा गेटला लावला की झालं ना? गेटला अर्थिंग आहेच.

बंगला ४: थांबा, हे दोन वेगळे आहेत. सॉकेटची अर्थिंग मशीनच्या बॉडीची. चिमटा हा वेल्डिंग करंटचा परतीचा रस्ता. चिमटा सैल असला, गेट घराच्या अर्थिंगला जोडलेलं असलं आणि परतीची केबल कुठे मशीनच्या बॉडीला लागत असली, तर वेल्डिंगचा करंट अर्थिंगच्या बारीक हिरव्या वायरीतून परत येऊ शकतो आणि ती जळू शकते. चिमटा रंग घासून, जोडापासून फूटभर अंतरावर, घट्ट लावा.

बंगला ७: रॉडऐवजी सलग वायर सोडणारं मशीन, मिग, बरं नाही का?

बंगला ९: १८ गेज (१६ पेक्षा पातळ) जास्त करणार असाल तर हो. तेही २३० वरच येतं. बिनगॅसची ०.८ मिमी फ्लक्स कोअर (आत फ्लक्सची पावडर भरलेली) वायर घेतलीत तर टॉर्च निगेटिव्हला, नाहीतर शिंतोडे फार. १६ गेजला १२ नंबर रॉड, ५५ ते ६५ अँपिअर, होल्डर निगेटिव्हला, एवढं पुरतं.

बंगला ४: खोक्यावरचा "२०० अँपिअर" आकडा बघू नका. नेमप्लेटवर ६० टक्के ड्यूटी सायकलला किती अँपिअर आणि कमाल इनपुट करंट किती, ते वाचा. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग.

बंगला १२: आत्ता गॅरेजच्या पॉइंटवर मोजलं. रिकामं २२१ व्होल्ट. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड लावला की २१३.

बंगला ४: सुमारे सहा अँपिअरला ८ व्होल्ट पडणं फार झालं. १४ अँपिअरला १८-१९ जातील. मेन बंद करून सॉकेटमागचे आणि डीबीतले स्क्रू, खास करून न्यूट्रल लिंक, इलेक्ट्रिशियनकडून घट्ट करून घ्या. पुन्हा मोजा. तरी ८ च आले तर ती लाइन सोडा आणि नवीन ओढा.