दानपेटीतले पैसे कच्च्या कैद्यांच्या जामिनाला द्यावेत का?

बावखल:
काल इथं एका भाविकाने लिहिलं, ‘उपवासकाळातलं दान कच्च्या कैद्यांच्या जामिनाला द्यायचा ठराव पॅरिश कौन्सिलने, म्हणजे आपल्या देवळाच्या (चर्चच्या) मंडळाने केलाय. चोरांना सोडवायला मी दानपेटीत पैसे टाकत नाही.’ खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. तिथंच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून हा धागा.

चोर कुणी ठरवलं? कच्चा कैदी म्हणजे खटला आहे, निकाल नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे चारांतली तीन. जामीन मंजूर होऊनही काही जण पैशांवाचून आतच राहतात, हे वकीलबाई पॅरिशच्या हॉलमधल्या वर्गात सांगत होत्या तेव्हा आज तक्रार करणारे कुठे होते?

बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय आपल्याला पाठ आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, इथपर्यंत सगळे खूश. बंदिशाळेतल्याला भेटायचं आलं की खोकला येतो. आदिवासींसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कच्चा कैदी म्हणूनच गेले, जामिनाची वाट बघता बघता. आपण देवळासमोर मेणबत्त्या लावल्या. झारखंडात ते ज्यांच्यासाठी कोर्टात गेले, ते कोण होते? कच्चे कैदीच.

ओटीवरून:
तो भाविक मी. मेणबत्ती मीही लावली होती, पण म्हणून कुणाही भुरट्याला स्टॅन स्वामींच्या पंगतीला बसवू नका. आई देवळातल्या मिस्साहून येत होती. मोटारसायकलवरच्या दोघांनी गळ्यातली चेन खेचली, ती पडली, मनगट मोडलं. अजून भाकरी थापताना हात कापतो. त्या दोघांना जामीन झाला. आईच्या समाचाराला पॅरिशमधून एक माणूस आला नाही, गरजूंना मदत करणारे विन्सेंट द पॉलवालेसुद्धा नाहीत. तुरुंगाकडे जाताना वाटेत आमचंही घर लागतं म्हणावं.

बावखल:
आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण कौन्सिलवरचा राग कैद्यांवर का काढताय?

मांडवशोभा:
पैशाचंच काढलंय तर सणाच्या बॅण्डचा आणि फटाक्यांचा हिशेब आधी मांडा. विचारलं की ‘परंपरा आहे’ म्हणतात. तिथं कुणाला दानपेटीची काळजी वाटत नाही.

कोर्टाची पायरी:
सगळे पैसे पैसे करताय. मी वकिलाकडे कारकून आहे. पैशाहून जास्त नड जामीनदाराची असते. कोर्ट म्हणतं, पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा ऐपतदार जामीनदार. रेशनकार्ड, घरपट्टी नाहीतर सात-बारा घेऊन साहेबांपुढे उभं राहायचं. बाहेरगावच्या बिगाऱ्याला इथं कोण उभं राहणार? १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोती राम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. दहा हजारांचा जामीन मागितला होता. भाऊ तयार झाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्या. कृष्णा अय्यरांनी हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. खालच्या कोर्टांत मात्र अजून तेच चालू आहे. निधी राहू द्या, वाडीचा सात-बारा घेऊन कोर्टात कोण येतंय ते सांगा.

ओटीवरून:
बघा, दानपेटीवरून वाडीवर आले!

केळीचं पान:
माझे काका राहिले होते कारखान्यातल्या सोबत्याला जामीन. तो सुरुवातीला तारखांना आला, मग गायब. नोटीस काकांना, दंड काकांना. तेव्हापासून काकू त्यांना कुठल्याच कागदावर सही करू देत नाहीत. माझा शाळेचा फॉर्मसुद्धा मामांनी भरला.

कोर्टाची पायरी:
वाईट झालं. पण तारखेला न आलेला प्रत्येक जण पळालेला नसतो. आतले तरी कुठे वेळेवर येतात? कोर्टात आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही, पुढची तारीख. गाडी नाही, पुढची तारीख.

केळीचं पान:
ज्ञान पुरे. तुमच्या घरी आलीय का कधी नोटीस? तुम्ही राहिलात का कुणाला जामीन?

कोर्टाची पायरी:
कामावर असताना मला राहता येत नाही.

केळीचं पान:
छान. म्हणजे सात-बारा आमचा आणि प्रवचन तुमचं.

ओटीवरून:
आणि सरकार कशाला आहे? २०२३ पासून केंद्राची योजना आहे, गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैसे मिळतात. देवळाने मध्ये का पडायचं?

कोर्टाची पायरी:
योजना आहे, पण आतल्या माणसाची फाइल समितीपुढे कोण ढकलणार? नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं (नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, दुसरी केस नसली, की त्याला सोडायचं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. अर्ज जेल अधीक्षकांनी करायचा. केला की नाही, हे विचारणारं माणूस लागतं. याला ना दान लागत, ना सात-बारा.

निळी पणती:
तुरुंगातली जातवार कामवाटणी सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला रद्द केली. झाडू कुणी मारायचा हे तोवर काही राज्यांच्या नियमपुस्तकांतच होतं. हॉलमधल्या वर्गात यावर चकार शब्द नाही. बोललात तर आपल्या देवळातल्या बाकांकडेही बघावं लागेल ना! राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींत धरले जात नाहीत. त्यावर कौन्सिलचा ठराव कधी?

बावखल:
मुद्दा मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

निळी पणती:
वेगळा धागा, वेगळा बाक. सवय आहे.

बावखल:
तसं म्हणायचं नव्हतं हो.

मांडवशोभा:
बॅण्डचा हिशेब राहिलाच.

ओटीवरून:
ठीक आहे, करा दान, जिंकलात. माझ्या पाकिटावर मी ‘फक्त आजाऱ्यांसाठी’ लिहीन. आणि ते ४७९ चं विचारायला आमचा मुलगा येईल, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रविवारभर लोळत असतो. जामीनदार म्हणून नाही, नीट वाचा. आईची चेन खेचणाऱ्यांचं नाव कैद्यांच्या यादीत दिसलं तर तो कागद तिथंच ठेवून येईल.

बावखल:
त्यांना जामीन झाला ना? मग यादीत कसे असतील?

ओटीवरून:
एवढं लिहिलं त्यातून तुम्हाला तेवढंच दिसलं!

कोर्टाची पायरी:
ही चौकशी करायची त्या विधी सेवा प्राधिकरणाचं (सरकारी मोफत कायदेमदतीचं) ऑफिस रविवारी बंद असतं. मुलाला मधल्या वारी पाठवा, आधार कार्ड घेऊन.