मदत हवी आहे: पिकअपला घरच्या घरी क्रेन बसवायची आहे

सड्यावरचा
बोलेरो पिकअप आहे. हौद्यात मागच्या उजव्या कोपऱ्यात खांब उभा करून त्यावर फिरता हात बसवायचाय. वेल्डिंग मला येतं, मशीन घरी आहे. एवढंच सांगा: खांबाला पाइप किती इंची घेऊ, आणि विंच (तार गुंडाळून वजन ओढायचं यंत्र) हाताचा की बॅटरीवरचा? रविवारी काम काढणार आहे. 'जेसीबी बोलवा' हे सांगायला कोणी येऊ नये.

गंजलेला_नट
उचलणार काय? वजन किती?

सड्यावरचा
दोनशे ते पाचशे किलो. हौद्यात घ्यायचं. बहुतेक वेळा रात्री, आणि मी एकटाच असतो. पाइप सांगा.

तांबडी_माती
चिरे असतील तर क्रेन कशाला? आमच्याकडे दोन गडी दुपारपर्यंत गाडी भरतात.

रापणकर
रे बाबा, उचलूचा कित्याक? आमी होडी वर घेतो ती काय उचलून घेतो? खाली ओंडके घालतो नि ओढतो. गाडयेक फळये लाव नि ओढ.

वडाची_पारंबी
दोनशे किलो, रात्री, एकटा. सांबर नाही ना हो? परदेशातल्या व्हिडिओंत हरणं मारून अशीच जीपच्या मागे टांगतात. इथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. भेकराला जरी हात लावलात तरी तुमच्याबरोबर गाडीही आत जाईल.

सड्यावरचा
कमाल आहे! अहो, मेलेली गुरं उचलून नेऊन पुरायची आहेत. लांजा-राजापूर पट्ट्यात हायवेवर रात्री ट्रकखाली सापडतात. सकाळपर्यंत तिथेच राहिली की त्यांच्यावर दुचाकीवाला आपटतो. गावातली चार पोरं मिळून हे करत होतो, आता दोन मुंबईला गेली. जेसीबीवाला रात्री फोन उचलत नाही, उचलला तर येण्याचेच इतके सांगतो की आपणच खड्ड्यात बसावं. वाटलं, हे कळलंच असेल.

गंजलेला_नट
कसं कळणार? लिहिलंत कुठे? असो. गॅरेजमध्ये इंजिन काढायची घडीची क्रेन असते ना, तिचा वरचा भाग कापून हौद्यात बसवा. हायड्रॉलिक जॅक असतो, एका माणसाचं काम. पण एक लक्षात ठेवा. तिच्यावर दोन टन लिहिलेलं असतं ते हात आत असताना. पूर्ण बाहेर काढलात की साधारण पाचशे किलोच उरतात. खांब नुसत्या हौद्याच्या पत्र्याला जोडू नका, खाली चासीपर्यंत न्या. शिवाय मागच्या कोपऱ्यावर, चाकांच्या बाहेर पाचशे किलो लटकले की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी त्या बाजूला कलते. जमिनीला टेकणारा पाय हवाच.

रापणकर
म्हणान सांगतंय, ओढ.

गंजलेला_नट
काका, होडी ओढायला वीस माणसं असतात तुमच्याकडे. हा एकटा आहे.

हिशेबी_पोस्ट
रापणकर काकांचं बरोबर आहे, हिशेब करून सांगतो. हौदा जमिनीपासून अडीच-पावणेतीन फूट. आठ फुटी फळ्या लावल्या तर पाचशे किलोचा चढावाचा भाग साधारण पावणेदोनशे किलो, वर घर्षणाचे दोन-सव्वादोनशे. म्हणजे ओढ चारशेच्या आसपास. फायदा फार वाटत नाही, पण खांब नको, पाय नको आणि डोक्यावर लटकणारं काही नाही. विंच केबिनमागे चासीला बोल्ट करा, तार कप्पीतून दुहेरी घ्या, विंचवर निम्माच भार येईल. घर्षण कमी करायला फळ्यांवर जुना फ्लेक्स पसरा, गुळगुळीत बाजू वर, आणि बादलीभर पाणी ओता. निवडणुकीनंतर फ्लेक्सना तोटा नसतो.

आणि बॅटरीवरच्या विंचवर लिहिलेला आकडा ओढायचा असतो, उचलायचा नव्हे. तोही ड्रमवर तारेचा एकच थर असतानाचा. बरेच जण तिथेच फसतात. भाराखाली शे-दोनशे अँपिअर सहज खातो, तेव्हा गाडी चालू ठेवूनच वापरा.

गंजलेला_नट
आणि पावसात त्या ओल्या फ्लेक्सवर तोच घसरून पडला तर?

हिशेबी_पोस्ट
त्याने फळीवर चढायचंच कशाला?

चाकरमानी_७७
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, गणपतीला येतोय, हायवे राजापूरच्या पुढे कसा आहे सध्या? बोलेरो घाटात किती ॲव्हरेज देते?

डॉक्टर_गोठ्यातले
गुरांचा डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. अपघाताचं ठीक आहे, पण जनावर अचानक मेलेलं असेल आणि नाकातोंडातून न गोठलेलं काळपट रक्त येत असेल तर अजिबात हलवू नका, कापू नका. काळपुळी असू शकते, ती माणसालाही होते. आधी पशुवैद्यकाला कळवा. दुसरं, आपल्या हवेत पोट काही तासांत फुगतं. तार पोटाभोवती कधीच घेऊ नका. पुढचे दोन पाय आणि शिंगं एकत्र बांधून डोक्याकडून ओढा. नायलॉनचा रुंद पट्टा वापरा, तार कातडीत रुतते.

सह्याद्रीचा_पक्षी
पुरता कशाला? गिधाडांना द्या! रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची वसाहत आहे.

डॉक्टर_गोठ्यातले
राजापूरहून म्हसळ्याला मेलेली गाय नेणार? आणि तिला आधी कोणतं औषध टोचलंय ते भटक्या गुराचं कोण सांगणार? जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झालं ते गिधाडं मरत होती म्हणूनच. पुराच. खड्डा खोल, विहिरीपासून लांब, वरून चुना.

वडाची_पारंबी
मघाशी शंका घेतली त्याबद्दल माफ करा. पण तुमची वाट पुढे कोणी अडवली तर? रात्री गाय भरलेली पिकअप म्हटल्यावर काय समजतील ते सांगायला नको. निघण्याआधी पोलीस पाटलांना फोन करा, जागेवरच फोटो काढा. आणि खांब वगैरे जोडलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय गाडीत बदल करता येत नाही.

सड्यावरचा
ठीक आहे, खांब रद्द. तसंही कोणी पाइप सांगितलाच नाही. पोलीस पाटील माझे चुलतेच आहेत.

सड्यावरचा
काल रात्री गावठी गाय होती, लहान चणीची, दोन-सव्वादोनशे किलोची. हाताचा विंच उसना आणला होता. फ्लेक्सवरून लोण्यासारखी वर आली, पण फाळक्याजवळ एक फळी कडकन मोडली. गाय अर्धी आत, अर्धी बाहेर. विंचाला खीळ होती म्हणून वाचलो. फळीला खालून अँगल मारू का?

रापणकर
फळी कसली होती?

सड्यावरचा
आंब्याची. घरात तीच होती.

रापणकर
आंब्याची पेटयेक मारतत रे! ऐनाची घे. नि फळयेक वरसून लोखंडी आकडो मार, फाळक्यात अडकान ऱ्हवाक व्हयो.

चाकरमानी_७७
हायवेचं कोणी सांगेल का?