घोंगडीला कसर लागली आहे, शनिवारच्या आत उपाय हवा

मृण्मयी_जे
काल दिवाण उघडला तर घोंगडीला आठ-नऊ भोकं. पेटीला गुंडाळून ठेवली होती, डांबराच्या गोळ्याही होत्या, तरी लागलीच. शनिवारच्या आत सगळं साफ व्हायला हवं. वापरून पाहिलेले उपायच सांगा, ऐकीव नकोत.

माणदेशी
ताई, घोंगडी खरी लोकरीची आहे का? हल्ली मिश्र धाग्याच्याही मिळतात. दशीतला एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, तो कसर खात नाही. मग उंदीर शोधा.

कडक_ऊन
मे महिना आहे, एवढा विचार कशाला? गच्चीवर दोन दिवस टाका आणि काठीने झोडपा. आमची आजी पावसाळ्याआधी सगळ्या घोंगड्या उन्हात घालायची. एकीलाही कधी भोक पडलं नाही.

शुभदा_नागपूर
वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. सोबत डांबराच्या गोळ्या आणि कापूर, दोन्ही एकाच पुरचुंडीत. तीस वर्षं हेच करते आहे.

निशाचर
गोळ्या आणि कापूर एकत्र नको. एकमेकांना लागून राहिले की उन्हाळ्यात पाघळतात, लोकरीवर तेलकट डाग पडतात. वेखंडाच्या वासाने आत असलेली अळी मरतही नाही.
मृण्मयी, नक्की काय दिसलं? कसर म्हणजे पुस्तकातला चंदेरी, तीन शेपट्यांचा किडाही आणि लोकर खाणारी पतंगाची अळीही. पांढरट जाळी आणि वाळूसारखे कण असतील तर पतंग. तपकिरी, केसाळ काती असतील तर ती भुंग्याची अळी. चंदेरी किड्याला खळ आवडते.

शुभदा_नागपूर
माझ्या कपाटात या आणि एक तरी डाग दाखवा!

रोहिणी_वाचक
स्वेटर नेहमी कोमट पाण्यात, सौम्य शाम्पूने धुवावा आणि सपाट वाळवावा. दोरीवर टाकला की लांबतो.

मृण्मयी_जे
इथे स्वेटर नाही. घोंगडी लोकरीचीच आहे, जाळून पाहिलं. आजोबांची आहे, जतकडच्या सनगरांनी विणलेली. पांढरी जाळी आहे, घडीच्या आत जास्त. मशीनमध्ये गरम पाण्याने धुतली तर चालेल का?

माणदेशी
नका हो! गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकर आटते, नमद्यासारखी घट्ट होते. शिवाय तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती निघून गेली की अंगच जातं. माझ्या आईने अशी एक घोंगडी घालवली आहे, आम्हाला अजून हळहळ वाटते.

लीना_डब्लिन
आमच्याकडे लोकरीचे कपडे गोठवतात. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवायचं. अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर लोकरीवर पाणी धरतं.

कडक_ऊन
फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात घोंगडी मावणार कुठे? आणि शनिवारी हवी आहे त्यांना.

निशाचर
मग उष्णता. पण नुसत्या उन्हाने अळ्या उजेड टाळून घडीत शिरतात, म्हणून आजींची काठी महत्त्वाची होती. आधी दोन्ही बाजूंनी कडक ब्रश मारा, शिवण आणि दशा सोडू नका. मग काळ्या प्लास्टिकमध्ये सैल, पातळ घडी करून बंद गाडीत भर दुपारी ठेवा. आत थर्मामीटर ठेवा. लोकरीच्या मधोमध ५५ अंश तासभर टिकले तर अंडीही मरतात. घट्ट गुंडाळी केली तर मध्यापर्यंत ऊब पोचत नाही.

प्रवासी_मन
खरी घोंगडी हल्ली कुठे मिळते आणि साधारण किती पडतात? कंबरदुखीसाठी हवी आहे.

माणदेशी
पट्टणकोडोलीच्या यात्रेत बघा. पण हा धागा ताईंचा आहे, वेगळा काढा.

शुभदा_नागपूर
कापूर सोडला, तरी डांबराच्या गोळ्या वाढवाच. कमी पडल्या असतील.

मृण्मयी_जे
आणल्या आहेत दोन पाकिटं. शनिवारी बहीण तीन आठवड्यांच्या बाळाला घेऊन येते आहे, त्याच खोलीत झोपणार.

लीना_डब्लिन
हे आधी सांगायला हवं होतं! सगळ्या गोळ्या आजच घराबाहेर काढा. त्यांच्या वाफेने काही बाळांच्या रक्तपेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते, विशेषतः जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर. गोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता वापरू नका.

शुभदा_नागपूर
बाळ असेल तर मीही गोळ्या म्हणणार नाही. दिवाण रिकामा करून वारा लागू द्या.

निशाचर
गोळ्यांचा उपयोगही घट्ट बंद पेटीतच होतो. दिवाणाच्या फटींतून वाफ निघून जाते. मृण्मयी, ती पेटी लोखंडी आहे ना? झाकण घट्ट असेल तर पुढे घोंगडी तिच्यातच ठेवा, वर गुंडाळू नका.

मृण्मयी_जे
लोखंडी कशी असेल? वाजवायची पेटी. आजोबांचीच. धूळ बसू नये म्हणून घोंगडी तिला गुंडाळली होती.

स्वरलिपी
मग आधी पेटी उघडा! पट्ट्यांखाली लोकरीची बनात, म्हणजे जाड मऊ कापड असतं, कसर तिथे हमखास लागते. घोंगडी कितीही साफ केलीत तरी पेटीत अळ्या असतील तर महिन्याभरात पुन्हा भोकं. कुठली पट्टी खाली बसून राहते किंवा खडखडते का?

मृण्मयी_जे
काळी पाच खडखडते, गेल्या दिवाळीपासून. पावसाळ्याची हवा लागली असेल असं समजत होते. झाकण काढलं. पट्ट्यांच्या मागे तीच पांढरी जाळी आहे. फवारा मारू का?

स्वरलिपी
अजिबात नको. आत चामडं आणि पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्या आहेत. गाडीतही ठेवू नका, डिंक सुटेल. पेटी मोठ्या पिशवीत बंद करून बाळाच्या खोलीतून हलवा. पट्ट्या स्वतः काढू नका, क्रम चुकतो. कारागिराला बोलवा आणि बनात पूर्ण बदलून घ्या. कुठल्या गावात आहात?

मृण्मयी_जे
पुणे, कोथरूड. घोंगडी आत्ताच गाडीत ठेवून आले, थर्मामीटरसकट. कारागीर कुणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आजच फोन करते.