घास छातीत अडकतो, एन्डोस्कोपी मात्र नॉर्मल. पुढे काय तपासायचं?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या दादाचा आहे. वय ३८, राहणार भांडुप, नोकरी अंधेरीला. काही वर्षांपासून जेवताना मधेच घास अडकतो. घशात नाही, छातीच्या मधोमध. बोट ठेवून जागा दाखवतो. वरून पाणी प्यायलं तर तेही परत येतं. मग बेसिनपाशी उभं राहायचं, तोंडातून लाळ गळत असते, आणि थोड्या वेळाने घास खाली सरकतो नाहीतर बाहेर पडतो. त्यानंतर कित्येक आठवडे काही नाही. पोळी, कोरडा भात, पाव, चिकन यांनीच होतं. पेज, वरण, चहा बिनतक्रार उतरतात.

वहिनी म्हणते भरभर खातो म्हणून. मला तर उलटंच दिसतं. सगळ्यांची ताटं उचलून झाली तरी हा बसलेला असतो. घासागणिक पाण्याचा घोट, पोळी वरणात कुस्करलेली. चिकन-मटण तर सोडूनच दिलंय, विचारलं तर म्हणे आता आवडत नाही. (आमचं आजोळ वरळी कोळीवाड्यात. कोण विश्वास ठेवील!) बाहेर जेवायचं आमंत्रण आलं की काहीतरी काम काढतो.

एन्डोस्कोपी झाली. रिपोर्टमध्ये अन्ननलिका नॉर्मल, जठराला किंचित सूज. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि सावकाश जेवा म्हणून सांगितलं. गोळ्यांनी थोडा फरक आहे, पण अडकणं थांबलेलं नाही. बायोप्सीचा (तपासणीसाठी अस्तराचा बारीक तुकडा घेतल्याचा) कुठे उल्लेख नाही. वजन स्थिर, हिमोग्लोबिन ठीक, तंबाखू नाही. लहानपणी दमा होता, धुळीने अजून शिंका सुरू होतात. आता पुन्हा दुर्बीण घालायची, की बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव्य) पिऊन एक्स-रे काढायचा, की आणखी काही?

प्रतिसाद १

ताई, दमा आणि शिंका तुम्ही शेवटी लिहिल्यात, पण मी तिथूनच सुरुवात करेन. मी डॉक्टर आहे, तरी रुग्ण न बघता निदान करत नाही, दिशा सांगतो.

तरुण पुरुष, ॲलर्जी, फक्त घट्ट पदार्थ आणि तेही अधूनमधून: यात इओसिनोफिलिक इसोफेजायटिसचा विचार व्हायलाच हवा. ॲलर्जीशी संबंधित इओसिनोफिल पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमतात, नळी हळूहळू ताठर आणि अरुंद होते. दुर्बिणीतून वर्तुळाकार वळ्या, उभ्या चिरा, पांढरे ठिपके दिसतात, पण काहींत नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून अन्ननलिका नॉर्मल दिसली तरी वेगवेगळ्या उंचीवरून किमान ६ तुकडे घ्यायचे असतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल सापडले आणि दुसरं कारण नसेल, तर निदान होतं. तुकडेच घेतले नसतील तर तो ‘नॉर्मल’ अर्धवट आहे.

एक मेख: ॲसिडिटीच्या गोळ्यांनी काहींच्या या पेशी कमी होतात आणि आजार लपतो. दुर्बिणीआधी गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची पातळ कडी (शात्स्की रिंग) दुर्बिणीत निसटू शकते. त्यासाठी बेरियम लावलेला पावाचा तुकडा गिळायला देतात. पातळ बेरियम सहज उतरतं, पाव तिथेच थांबतो.

प्रतिसाद २

माझ्या आईचं वेगळं होतं. तिला पहिल्यापासून पाणीसुद्धा अडकायचं, रात्री न पचलेलं अन्न उशीवर यायचं, खोकला सुटायचा. तिचीही पहिली एन्डोस्कोपी नॉर्मल! निदान मॅनोमेट्रीने (गिळताना अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी) झालं: ॲकॅलेशिया. खालची झडप गिळताना सैल पडत नाही. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून घोटघोट पाणी प्यायला लावतात. भूल नसते, कंटाळवाणं आहे पण होतं. दादांचं पातळ नीट उतरतंय, त्यामुळे ही तपासणी बायोप्सीनंतरची वाटते.

प्रतिसाद ३

काटा अडकल्यावर आपण भाताचा गोळा गिळतो तसा गिळून बघा, झटकन खाली जाईल.

प्रतिसाद १

कृपया नको. रस्ता आधीच बंद आहे, त्यावर आणखी माल कशाला? घास अडकून स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर थेट कॅज्युअल्टी गाठा, सकाळपर्यंत थांबू नका. जोराची कळ, ताप किंवा रक्त दिसलं तरी तेच. आणि इतर वाचकांसाठी: वय जास्त, तंबाखू-मिशरीची सवय, आधी भाकरी मग भात मग पाणी असं अडकणं वाढत चाललेलं, वजन उतरतंय, तर कॅन्सर नाही याची खात्री सगळ्यात आधी आणि लगेच करायची.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आधीच्या ठिकाणी फोन करून विचारलं. तुकडा फक्त जठरातून घेतला होता, तोही जंतूच्या तपासणीपुरता. दादा ‘पुन्हा नळी नको’ म्हणत होता. प्रतिसाद वाचायला दिल्यावर वहिनीलाच आधी पटलं, चिकनचं कोडं तिला तेव्हा उलगडलं. गॅस्ट्रोच्या ओपीडीत जातोय. अन्ननलिकेचे तुकडे घ्याल का आणि गोळ्या कधी थांबवायच्या, हे दोन प्रश्न केसपेपरच्या मागे लिहून ठेवलेत. पुढे मॅनोमेट्री लागलीच, तर मुंबईत पालिकेच्या कुठल्या रुग्णालयात होते आणि नंबर किती लांबचा मिळतो, हे अलीकडे करून आलेल्या कुणी सांगू शकेल का?