माळरान 'पडीक' असतं का?

रानवेडी : तालुक्यातल्या एका वृक्षारोपणाच्या पत्रकात वाक्य होतं, 'चला, गावची पडीक माळरानं हिरवीगार करूया!' वाचताना खटकलं. 'पडीक' आणि 'माळरान' एकाच अर्थाचे शब्द आहेत का?

निवृत्त तलाठी : नाहीत. 'पड' हा शेतीच्या हिशेबातला शब्द. यंदा पेरली नाही ती चालू पड. त्याहून जुनी, पाच वर्षांपर्यंतची, ती इतर पड. त्यापुढे लागवडीयोग्य पडीक. सातबाऱ्यावर आणखी एक शब्द भेटतो, पोटखराबा. खडक, ओघळ यांखाली गेलेलं, नांगर न चालणारं क्षेत्र वर्ग 'अ'मध्ये. रस्ता, कालवा, तलाव यांखालचं वर्ग 'ब'मध्ये. हे सगळे शब्द जमिनीला एकच विचारतात : पीक किती देतेस? गायरान मात्र वेगळं. ते गुरांसाठी राखलेलं असतं, त्याला पडीक म्हणणं सपशेल चूक.

कुसळी : तलाठीकाकांशी सहमत. माळ कधी पिकतच नव्हता, तर 'पडला' कुठून? सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचा मुरमाड, कमी पावसाचा भाग घ्या. कुसळी, पवन्या, मारवेल ही तिथली खरी वनस्पती. उन्हाळ्यात सगळं पिवळं पडतं, म्हणून शहरी डोळ्याला ते मेलेलं दिसतं. मुळं जिवंत असतात. गवताळ प्रदेशातला बराचसा कार्बन त्या मुळांत आणि मातीतच असतो. वर झाडं दिसत नाहीत म्हणजे तिथं काही साठत नाही, असं नाही.

तिथली जनावरं बघा : लांडगा, खोकड, चिंकारा; धाविक, चंडोल हे पक्षी. आणि माळढोक. नावातच माळ आहे! त्याच्यासाठीचं सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. हा पक्षी उघड्यावर, जमिनीवरच घालतो, बहुधा एकच अंडं. त्याला लांबपर्यंत दिसायला मोकळा माळ लागतो. तिथं दाट झाडी उभी केली तर शिकारी पक्ष्यांना बसायला जागा झाली, आणि माळढोकाची जागा गेली. आता देशभरात हे पक्षी दोनशेच्याही आत उरलेत. वजनदार पक्षी, नाकासमोरचं कमी दिसतं, त्यामुळे विजेच्या तारांनाही धडकतो. 'पडीक' जागा म्हणून सौर प्रकल्प टाकला की तारा आल्याच.

रानवेडी : मग झाडं लावूच नयेत की काय?

कुसळी : लावा की! गावठाणात लावा, बांधावर लावा, जंगल तुटलं तिथं लावा. माळावर ओळीनं ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं लावून त्याला 'हरित' म्हणू नका, एवढंच. 'हिरवं ते चांगलं' हा हिशेब फार ढोबळ आहे.

मेंढका : आमच्या वाड्यांत, म्हणजे मेंढरांच्या तळांवर, 'पडीक' कुणी म्हणत नाही. आम्ही 'माळ' म्हणतो, 'बरड' म्हणतो, चरायला काय आहे ते बघतो. पाऊस सरला की कळप कोकणाकडे निघतात, पावसाळ्याआधी परत. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. माळावर चर खणून रोपं लावली आणि तारेचं कुंपण घातलं की चराई बंद. मग राहिलेल्या तुकड्यावर सगळे कळप, तो बोडका होतो, आणि 'मेंढरांनी माळ खाल्ला' म्हणून आम्हालाच बोल.

कातळवाला : कोकणातल्या सड्याचंही तेच. रत्नागिरीकडं कागदावर पोटखराबा, जागेवर जांभा कातळ. पावसात डबकी भरली की सीतेची आसवं फुलतात. मातीत नत्र फार कमी, म्हणून ही चिमुकली वनस्पती जमिनीखालच्या इवल्या फुग्यांत बारीक जीव पकडून खाते! शिवाय कातळशिल्पं आहेतच. आमच्यात त्याला नुसतं 'सडा' म्हणतात.

निवृत्त तलाठी : पत्रकापुरतं सुचवतो : 'पडीक' काढा, 'माळरान' ठेवा. झाडं कुठं लावायची त्यासाठी गट नंबर लिहा आणि आधी ते गायरान आहे का, ते सातबाऱ्यावर बघून घ्या. तो तपास न केल्यानंच पुढं ग्रामसभेत भांडणं होतात.