मदत हवी आहे : पोटातून मणक्याचं ऑपरेशन आणि रक्तवाहिन्यांचा धोका

नमस्कार मंडळी. आईचं (वय 58) कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीचं ऑपरेशन ठरतंय, तेही पाठीतून नाही, पोटातून. इथल्या, नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून पेनाच्या टोकानं दाखवलं. महाधमनी (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी दोन फांद्यांत विभागते, गादीपर्यंत पोचायला या रक्तवाहिन्या बाजूला साराव्या लागतात. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर सगळ्यात धोक्यात. तिची भिंत पातळ, फाटली तर रक्त भराभर जातं. डाव्या पायाकडे जाणारी धमनी फार वेळ दाबली गेली तर गुठळी होऊ शकते, म्हणून पायात रक्त पोचतंय का ते कळायला डाव्या पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतात.

तेव्हापासून मला झोप नाही. आई मात्र संत्रं सोलता सोलता म्हणते, "होऊन जाईल नं सगळं नीट."

नागपुरात कोणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय का? रक्तवाहिन्यांचे सर्जन सुरुवातीपासून सोबत होते, की गरज पडली तरच येणार होते? मला हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. आईची गर्भपिशवी आधीच काढलेली आहे; त्या ऑपरेशनमुळे पोटात आत चिकटलेलं असेल तर धोका वाढतो, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी काय ठरवलं? रक्ताच्या किती पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या? नंतर पायाला सूज आली होती का? पुढच्या आठवड्यात होकार कळवायचा आहे, कृपया लवकर सांगा.